इंचभर माया

गेल्या महिन्यात ठाण्याला मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. दारातलं गुलाबपाणी चुकवून आत सटकायच्या बेतात होते, तेवढ्यात धाकट्या मावशीनं मनगट धरलं. दोन पावलं मागं सरून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सनईच्या रेकॉर्डवर आवाज चढवत म्हणाली, "अगं बाई, किती बारीक झालीस! काय केलंस तरी काय?" चार-पाच माना वळल्या. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या. नऊ महिन्यांत सात किलो उतरवले होते आणि ते अजून कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. नवऱ्याचं आणि आरशाचं एकच, दोघंही आपणहून काही बोलत नाहीत. मी पदर सावरत म्हटलं, "काही नाही गं मावशी, जरा खाण्याकडं लक्ष, दुसरं काय." वाक्य संपता संपता जाणवलं की हा आवाज माझा नाहीच. हा आईचा. १९९८ च्या उन्हाळ्यात असाच पदर सावरत, असंच अर्धवट लाजत ती शेजारणींना सांगायची, "काही नाही हो, लग्नाची धावपळ, दुसरं काय." प्रश्नही तेव्हा हाच असायचा. काय केलंत तरी काय?

पानात जिलबी पडली. मी ती मठ्ठ्याबरोबर अर्धी खाल्ली आणि अर्धी तशीच राहिली. डाएट म्हणून नाही. घशाखाली उतरेना म्हणून.

त्या वर्षी कराडला ताईचं लग्न होतं. आई तेव्हा सत्तेचाळीसची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, अंगानं चांगली भरलेली. दिवाळीनंतर ती उतरत चालली. आधी बांगड्या मनगटावरून कोपराकडं सरकायला लागल्या, मग ब्लाऊज खांद्यावरून ओघळायला लागले. शिवणयंत्र घरात मलाच चालवता यायचं, म्हणून तिचे ब्लाऊज आत घ्यायचं काम माझ्याकडं आलं. ब्लाऊजच्या आत दोन्ही बाजूंना शिंपी इंचभर जादा कापड सोडतो, पुढंमागं अंग भरलं तर उसवता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. मी पहिली टीप तशीच ठेवून तिच्या आत दुसरी मारायची. शिवरात्रीपर्यंत एकेका ब्लाऊजला तीन-तीन टिपा झाल्या आणि आतली माया इतकी वाढली की काखेत तिची जाड घडी टोचते म्हणून आई कुरकुरायला लागली. ती तक्रारसुद्धा हसत हसत असायची. शाळेतल्या एक बाई तर घरी येऊन विचारून गेल्या, "सकाळी कोमट पाण्यात मध घेता का हो?"

रात्री मात्र ती उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची आणि तो मध्यरात्रीच परत भरायची. चार-चार वेळा उठायची. मागच्या दाराची कडी वाजली की मी झोपेतच कूस बदलायची. तो आवाज इतका सवयीचा झाला होता. मोरीत मुंग्या व्हायला लागल्या. आई भावावर ओरडायची, "सरबताचा पेला इथं कोण विसळतं रे?" कुणीच विसळत नव्हतं. आपल्याकडच्या वैद्यांनी ज्या मुंग्यांवरून हा रोग ताडला, त्याला मधुमेह असं चोख नाव दिलं, त्या मुंग्यांवर आम्ही लक्ष्मणरेषेचा खडू ओढला. लग्नाच्या अल्बममध्ये आई मोरपंखी पैठणीत उभी आहे. जबड्याची रेघ दिसतेय, मान लांब वाटतेय. त्या अल्बममधला तिचा सर्वांत सुंदर फोटो तो. जून महिन्यात शाळा सुरू झाली, नवी चप्पल टाचेला लागली आणि ती जखम ऑगस्ट आला तरी भरेना, तेव्हा कुठं रक्त तपासलं. साखर तीनशे चाळीस.

मराठीत एक म्हणणं आहे, खाल्लेलं अंगी लागत नाही. आजी हे काळजीनं म्हणायची. तिच्या पिढीत 'वाळलीस' ही चिंता होती आणि 'अंग धरलंय' हे कौतुक. मधल्या कुठल्या तरी वर्षी आपण हा तराजू उलटा टांगला. पण अंगी लागणं म्हणजे नेमकं काय, हे मला आईच्या आजारानं शिकवलं. जेवण पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं असं नाही. त्याची साखर होऊन रक्तात आली तरी ती अजून दारातच उभी असते. तिला स्नायूंच्या, चरबीच्या पेशींत नेऊन बसवण्याचं काम इन्सुलिनचं. ते कमी पडलं किंवा शरीरानं त्याचं ऐकणं सोडलं, की साखर रक्तात साचत जाते. साधारण एकशे ऐंशीच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत ओढून घेता येत नाही आणि ती लघवीवाटे जायला लागते. रोग हाताबाहेर असेल तर दिवसाला शंभर ग्रॅमपर्यंतसुद्धा. म्हणजे चारशे कॅलरी, मोरीत. तिकडं पेशींना वाटतं दुष्काळ पडलाय. त्या साठवलेली चरबी मोडतात, स्नायूही मोडतात. आईच्या बांगड्या सरकल्या त्या नुसत्या चरबीमुळं नाहीत, तिचे दंडच वितळत होते. घरात ताईच्या लग्नाच्या बुंदीचे डबे भरलेले आणि त्यांच्याजवळ बसून आमची आई उपाशी मरत होती. सगळे म्हणत होते, छान दिसताय.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दोन महिन्यांत रात्रीची कडी वाजायची थांबली, मुंग्या गेल्या, टाच भरली आणि वजन परत यायला लागलं. यायलाच हवं होतं. जे वाहून जात होतं ते आता अंगी लागत होतं. शिवाय त्या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून जास्तीचं इन्सुलिन काढणाऱ्या. जेवायला तासभर उशीर झाला की वर्गातच तिचे हात थरथरायचे, घाम फुटायचा, फळ्यावरची अक्षरं वाकडी व्हायची. मग पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या, नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. तो खाल्ला नाही तर चक्कर, खाल्ला तर पुढच्या महिन्यात काटा वर. वर्षभरात ती लग्नाआधीच्या वजनाच्याही दोन किलो पुढं गेली. तपासायला गेलं की डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणायचे, "जिभेवर ताबा ठेवा बाई." आई गप्प बसायची. बाहेर आल्यावर रिक्षात एकदा म्हणाली:

"आजारी होते तेव्हा सगळ्यांना छान दिसत होते गं."

मी तेव्हा दुसऱ्या तिसऱ्या टिपा उसवत होते. उसवलेल्या जागी सुईच्या भोकांची रांग राहते, आणि आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद असतं कारण त्याला ऊन लागलेलं नसतं. एकाच ब्लाऊजला दोन रंग दिसायला लागले.

पुढं कधीतरी इन्सुलिनच्या शोधाबद्दल वाचलं. १९२२ चा जानेवारी, टोरांटो. लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा, वजन तिशीच्या आत. त्याआधी अशा मुलांवर उपाय एकच होता, त्यांना जवळजवळ उपाशी ठेवणं, म्हणजे साखर वाढणार नाही आणि काही महिने जास्त मिळतील. त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी काढलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचला. पहिल्या टोचणीनं फारसं साधलं नाही; त्यांच्याच गटातल्या कॉलिपनं तो शुद्ध केल्यावर दुसऱ्या खेपेला साखर उतरली. तो मुलगा आणखी तेरा वर्षं जगला. त्या काळातले छोट्या मुलांचे जोडफोटो प्रसिद्ध आहेत: आधीच्या फोटोत बरगड्या मोजता येतील असं पोर, नंतरच्यात तेच पोर गुबगुबीत गालांचं. ते बघताना मला हसू आलं आणि रडूही. इन्सुलिनचा पहिला चमत्कार वजन वाढवणं हा होता. आयांनी देव पाण्यात घालून मागितलं असेल ते हेच, की पोराचं अंग भरू दे. आणि शंभर वर्षांनी त्याच इन्सुलिनचं नाव आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिवीसारखं घेतलं जातं. 'इन्सुलिन म्हणजे चरबी.' वर लाल रंगाचा इशारा आणि खाली गुड मॉर्निंगचं गुलाब.

आईला इन्सुलिन लागलं २००६ मध्ये. लाल टोपणाच्या चाळीस युनिटवाल्या सिरिंजा आणि फ्रिजच्या दारात, लोण्याच्या वाटीशेजारी छोटी बाटली. ती बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत धरून वळायची, हे ती आम्हाला वात वळून दाखवावी तसं दाखवायची. साखर ताब्यात आली, वजन अजून चार किलो वाढलं. मग २००८ ला भावाचं लग्न ठरलं. लग्नाच्या दीड महिना आधीपासून आई बारीक व्हायला लागली. आम्ही सगळे खूश. म्हटलं, चालतेय, भात सोडलाय, चांगलंय. हळदीच्या आदल्या रात्री ती चक्कर येऊन पडली, तोंड कोरडं, श्वास जोरात, आणि दोन दिवस सलाइनवर काढले. लग्नाला उभी राहिली ती खुर्ची मागून घेऊन. नंतर फ्रिज साफ करताना मला मागं ढकललेल्या तीन भरलेल्या बाटल्या सापडल्या. सील तशीच.

तिला माहीत होतं. १९९८ मध्ये जे न कळत झालं होतं ते तिनं या वेळी कळून-सवरून केलं होतं. मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. ती फक्त एवढंच म्हणाली, "ती मोरपंखी पैठणी एकदा अंगाला लागू दे म्हटलं." मला तेव्हा हे अतीच वाटलं. साठीला टेकलेली बाई, नात होईल आता, आणि साडीपायी जीव टांगणीला लावते! आज मावशीच्या एका वाक्यावर मी जशी फुलले, ते आठवलं की मी तेव्हाच्या माझ्या ओरडण्याचा आवाज थोडा खाली करते. पूर्ण बंद नाही करत. राग अजून आहे.

माझ्या स्वतःच्या अंगात हे प्रकरण बरंच आधी लिहिलेलं होतं, आम्हाला वाचता आलं नाही इतकंच. तेरा-चौदाव्या वर्षी माझी मान मागून काळी पडली. आत्यानं त्याला मळ ठरवलं. रविवारी न्हाणीघरात पाटावर बसवून ती हरभऱ्याचं पीठ, लिंबाची साल आणि शेवटी वज्री घेऊन मान घासायची. आग व्हायची. "मुलीच्या जातीला मान स्वच्छ नको?" वीस वर्षांनी एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मानेकडं बघून थेट विचारलं, "घरात कुणाला शुगर आहे? पाळी नियमित येते?" ती मळकट मखमलीसारखी कातडी रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची खूण असते. शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं की स्वादुपिंड आवाज चढवतं, दुप्पट तिप्पट इन्सुलिन सोडतं. साखर त्यामुळं कितीतरी वर्षं नॉर्मल राहते, रिपोर्ट छान येतात आणि तो चढा आवाज मानेवर उमटत असतो. आत्या आता नाही. असती तर तिला सांगितलं असतं, वज्रीनं जाणारा मळ नव्हता तो. तिनं ऐकलं असतं असं नाही.

गेल्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ ला आत. उंबरठ्यावर शिंकू नये म्हणतात, मी तर तिथं बस्तान मांडलं होतं. मग मराठी घरात अशा वेळी जे होतं ते झालं. म्हणजे घर दोन पक्षांत फुटलं. मोठी जाऊ डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पक्षाची: दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत उरकायचं, मधे काही नाही, कारण खाल्लं की इन्सुलिन आणि इन्सुलिन आहे तोवर चरबी हलत नाही. ही पद्धत मुळात ज्यांची, त्या डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव ती ज्या आदरानं घेते त्या आदरानं सासऱ्यांचंही घेत नाही. धाकटी वहिनी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांची: दर दोन तासांनी थोडं थोडं, भात-तूप खा, केळं खा, घाबरू नका. गणपतीत दोघी एकाच स्वयंपाकघरात होत्या. एकीनं अकराला डबा उघडला की दुसरी मुद्दाम घड्याळाकडं बघायची. मोदकांवर मात्र दोघींचं एकमत झालं.

मी मोठ्या जावेच्या वाटेनं गेले, कारण मला दर दोन तासांनी 'थोडं' खाता येत नाही. मला एकदा डबा उघडला की त्याचं बूड दिसेपर्यंत येतं. आणि ती जे सांगते त्यात शरीरशास्त्र खरं आहे. आजोळी कोठीची खोली होती, किल्ली आजीच्या कनवटीला. बाजारचा माल घरात उतरत असताना ती कोठी उघडू द्यायची नाही. आधी आलेलं निवडा, चुलीपुढच्या डब्यांत भरा, उरेल ते कोठीत टाका. इन्सुलिन हेच करतं. यकृत हा एक डबा, शंभरेक ग्रॅमचा. स्नायू मोठा डबा, तीन-चारशे ग्रॅमचा. ते भरले की बाकीचं चरबीच्या कोठीत. आणि इन्सुलिन चढलेलं असेपर्यंत कोठीतून काढणं बंद. दिवसभर बिस्किट, चहा, फरसाण चालू ठेवलं तर आजी किल्ली काढणार कधी? हे ऐकताना इतकं पटतं की माणूस टाळ्या वाजवतो.

पण मग मी दंडाला सेन्सर लावला आणि माझ्या टाळ्या थोड्या मंदावल्या. मोठ्या नाण्याएवढं पांढरं बटण, आत केसाएवढी तार, चौदा दिवस फोनवर साखरेची रेघ दाखवत राहतं. पहिल्या रात्री तीनला ते ठणाणा बोंबललं, साखर साठच्या खाली! मी घाबरून साखरेचा डबा उघडला आणि नंतर कळलं की त्या कुशीवर झोपल्यानं सेन्सर दबला होता. अशा वेळी ते खोटं बोलतं. दिवसा मात्र अब्रूच काढायचं. पोहे १६८. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी, उपवासाची, पुण्य जोडणारी, १८७! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. बाप्पाला काय फसवणार, रेघ दिसत होती. तोच वरणभात, त्याच वाटीनं मोजून, पण आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ खाऊन मग घेतला तर १४६. आणि जेवून पार्किंगमध्ये वीस मिनिटं फिरले की रेघ डोळ्यांसमोर वाकायची, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर ओढून घेतो. शतपावली हा शब्द आईच्या तोंडी इतक्यांदा ऐकलाय की त्यात काही अर्थ असेल असं कधी वाटलं नव्हतं.

तर मला रेघ सपाट ठेवायचं व्यसन लागलं. चपाती बंद. भूक लागली की भाजलेले शेंगदाणे, चीजचा तुकडा, पुन्हा शेंगदाणे. रेघ कृष्णेच्या उन्हाळी पाण्यासारखी शांत. दोन आठवड्यांनी सेन्सर काढून काट्यावर उभी राहिले तर वजन चारशे ग्रॅमनी वाढलेलं. शेंगदाण्यांनी साखर चढवली नव्हती, इन्सुलिनही फारसं मागितलं नव्हतं, पण मूठमूठ करत कोठी भरून ठेवली होती. कोठीचं दार किती वेळ बंद होतं यानं महिन्याचा हिशोब ठरत नाही. गाडीतून आलं किती आणि ताटांत गेलं किती यानं ठरतो. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गार्डनर यांच्या गटानं हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं होतं: ६०९ माणसं, वर्षभर, अर्ध्यांना कमी चरबीचा आहार आणि अर्ध्यांना कमी पिष्टाचा. सरासरी पाच-सहा किलो दोन्हीकडं उतरले, फरक नगण्य. कुणाच्या शरीरात इन्सुलिन जास्त सुटतं यावरून कुणाला कुठला आहार लागू पडेल हेही सांगता आलं नाही. जावेला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तुझे सात किलो कशानं गेले?" प्रामाणिक उत्तर असं की मला माहीत नाही. दोनदाच जेवल्यामुळं रात्री अकराचं फरसाण बंद झालं, त्यानं असेल. दोनदा जेवणारी मी आणि दर दोन तासांनी खाणारी वहिनी, दोघींच्या घरातून फरसाण मात्र गेलंय.

आणि एवढ्यावरच ते कोडं थांबत नाही. ऑफिसातली एक मैत्रीण सध्या आठवड्याला एक टोचणी घेते. २०२५ मध्ये आपल्याकडं बाजारात आलेल्या नव्या औषधांपैकी एक. ही औषधं साखर चढली की इन्सुलिन वाढवतात. वाढवतात! आणि तरी तिचं वजन झरझर उतरतंय, कारण ती मेंदूकडची भूकच विझवतात. पोटाची तीच चिमूट, तशीच बारीक सुई. आईनं टोचून घेतलं तर अंग भरलं, हिनं टोचून घेतलं तर झडलं. ती डबा उघडते, दोन घास खाते आणि बंद करते. "जेवायचं आठवत नाही गं," म्हणते. मला हेवा वाटतो आणि कुठंतरी पोटात कालवतंही. तिच्या बांगड्या सरकायला लागल्यात.

भावाचं निराळंच. त्याला सगळे 'काडीपैलवान' म्हणायचे. वजन कधी अडुसष्टच्या वर गेलं नाही, पाय सडसडीत, फक्त शर्टाच्या खालच्या दोन गुंड्या ताणलेल्या. छत्तिसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आयुष्यभर हेच सांगत आलेत. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघंही सडपातळ. पुण्याकडची बाळं त्यांनी तपासली तर ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोनं हलकी, हातपाय बारीक, पण चरबी त्या मानानं राखलेली आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त. म्हणजे पोटातूनच. उपाशी पिढ्यांनी सोडलेली माया म्हणायची ही, पुढं कधी लागली तर. सुश्रुतानं प्रमेहाचे (मधुमेह त्यातलाच) रोगी कृश आणि स्थूल असे दोन सांगून ठेवलेत, पण बाहेरून कृश आणि आतून स्थूल असा आमचा भाऊ कुठल्या खान्यात बसवावा? त्याला कधी कुणी म्हटलं नाही, जिभेवर ताबा ठेव म्हणून. हे मात्र मला आईच्या वतीनं अजून सलतं.

आणि या सगळ्या भांडणातली साखर तरी किती? पाच लिटर रक्त, डेसिलिटरला शंभर मिलिग्रॅम, म्हणजे अंगभर मिळून पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. आई चहात दोन घालायची.

ती जाऊन सहा वर्षं झाली. साखरपुड्याहून आल्यावर मी ती मोरपंखी पैठणी काढली. तिच्यासोबतचा ब्लाऊज अजून घडीत होता, काखेत पिवळट पडलेला, नॅप्थालीनचा आणि थोडा तिच्या पावडरीचा वास. उलटा केला तर माझ्याच हातच्या टिपा. पहिली शिंप्याची, सरळ. बाकीच्या माझ्या, सतरा वर्षांच्या मुलीच्या, वळणावर गचकलेल्या. दोन उसवून झालेल्या, एक शिल्लक. मी तो घालून पाहिला. दंडाला घट्ट, पाठीत बसला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या टेलरकडं घेऊन गेले. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून ब्लाऊज उलटा केला, जाड घडीवरून अंगठा फिरवला आणि टेप माझ्या दंडाभोवती टाकत म्हणाला, "ताई, बाही थोडी सोडतो. पण ही आत एवढी माया कशाला? टोचत असेल. आता वजन पण कमी केलंय तुम्ही. कापून टाकू?"

म्हटलं, "नको, असू दे."

"मग परत नका म्हणू टोचतंय," म्हणाला, आणि खडूनं दोन रेघा ओढून बुधवारी यायला सांगितलं.